सगळ्यांनी केले म्हणून आपणही का करतो? एका साडीच्या छायाचित्रावरून पडलेला प्रश्न

सोलापूरकरीण

सर्वांना नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनावर आपले छायाचित्र चढवून त्यातून जुन्या हिंदी चित्रपटांच्या धाटणीची, शिफॉनची साडी नेसलेली, केसांत फूल माळलेली आणि मावळतीच्या उन्हात भिंतीला टेकून उभी असलेली आपलीच प्रतिमा तयार करून घेण्याची जी लाट आली होती, ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. मी एका बँकेत नोकरी करते, वय ५१ आहे, आणि अशा लाटांना मी आजवर ‘रिकामटेकड्यांचे उद्योग’ असे म्हणून निकालात काढत आले. त्याच वर्षी मार्चअखेरीस चॅटजीपीटीवर घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीतील चित्रे काढून घेण्याची झुंबड उडाली होती, तेव्हा मुलाने आमच्या घरातील सर्वांचे तसे चित्र केले म्हणून मी त्याला दोन शब्द सुनावलेही होते.

तरीही सप्टेंबरमधल्या एका रात्री, ओटा पुसून झाल्यावर, मी पुतणीच्या लग्नातले माझे छायाचित्र निवडले, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेला, प्रतिमा कशी हवी हे यंत्राला सांगणारा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा डकवला आणि वाट पाहत बसले. जी प्रतिमा आली तिच्यातले नाक माझे नव्हते. डाव्या दंडावरचा देवी टोचल्याचा व्रण, जो लहानपणापासून माझ्या अंगाचा भाग आहे, तोही पार पुसला गेला होता. हे सगळे स्पष्ट दिसत असताना मी ती प्रतिमा स्टेटसला ठेवली आणि झोप लागेपर्यंत ती कोणी कोणी पाहिली हे पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिले.

ही गोष्ट चांगली की वाईट हा माझा प्रश्न नाही, आणि आपला चेहरा कंपन्यांच्या हाती देण्यातील धोक्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला कोणीही आग्रह केला नव्हता, मला त्यातून काही मिळणार नव्हते आणि मला ते हास्यास्पदही वाटत होते, तरी माझ्या हातून हे घडले. हे मनात नेमके कसे घडते, ते कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त मास्तर

ताई, प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले. या विषयावर ‘मेंढरांचा कळप’ हे ठरलेले उत्तर लगेच दिले जाते. ते मला पटत नाही, कारण त्यात माणसाने विचार केलाच नाही असे गृहीत धरलेले असते. आपण तर बराच विचार केलेला दिसतो.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात केलेला प्रयोग आमच्या पाठ्यपुस्तकांत हमखास असतो. एका कार्डावर एक रेषा, दुसऱ्या कार्डावर तीन रेषा, आणि त्या तिनांपैकी कोणती पहिलीएवढी आहे एवढेच सांगायचे. उत्तर शेंबड्या पोरालाही देता यावे इतके उघड असते. मात्र खोलीतील बाकीची माणसे प्रयोगकर्त्याने आधीच पढवून ठेवलेली असत आणि ती ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी बिचाऱ्या खऱ्या सहभागी व्यक्तींनी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या बहुमताच्या बाजूने झुकली. हे सर्वजण सांगतात. कमी सांगितला जाणारा भाग असा की, सुमारे एक चतुर्थांश माणसे एकदाही झुकली नाहीत, आणि गटात खरे उत्तर देणारा एक जरी साथीदार मिळाला तरी झुकण्याचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले. म्हणजे माणूस बहुमताला घाबरतो असे म्हणण्यापेक्षा तो एकटा पडण्याला घाबरतो असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

१९५५ साली डॉइच आणि जेरार्ड यांनी या प्रभावाचे दोन प्रकार वेगळे केले. इतरांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असेल असे वाटून आपण त्यांचे अनुकरण करतो, तो एक प्रकार. परक्या गावात ज्या खाणावळीबाहेर गर्दी दिसते तिथेच आपण शिरतो, ते यामुळे. इतरांनी आपल्याला आपले म्हणावे, निदान नावे ठेवू नयेत, यासाठी आपण त्यांच्यासारखे वागतो, तो दुसरा. समाजमाध्यमांवरील लाटांत हे दोन्ही प्रकार इतके एकजीव झालेले असतात की आपण कोणत्या कारणाने सामील झालो हे स्वतःलाही सांगता येत नाही. आपल्या बाबतीत दुसऱ्याचा वाटा मोठा असावा असे मला वाटते, कारण तो मजकूर अनोळखी ठिकाणाहून न येता शाळेतल्या मैत्रिणींकडून आला होता.

आणखी एक प्रयोग सांगण्याचा मोह आवरत नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या पदपथावर काही माणसे उभी केली आणि त्यांना समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरील खिडकीकडे नुसते पाहत राहायला सांगितले. एकच माणूस वर पाहत असताना येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४ टक्के लोक थांबले, पंधरा माणसे पाहत असताना ४० टक्के. हा निबंध १९६९चा आहे. खिडकीत पाहण्यासारखे काहीही नव्हते, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

सात बेचाळीसची लोकल

मास्तरांचे विवेचन वाचून ज्ञानात भर पडली. पण मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला न्यूयॉर्कपर्यंत जाण्याची गरज नाही, ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलचा महिलांचा डबा पुरेसा आहे. नवरात्रातील नऊ रंग आठवून पाहा. या शतकाच्या पहिल्या दशकात एका मराठी वृत्तपत्राने दिवसागणिक रंग छापायला सुरुवात केली, त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या कार्यालयांतील स्त्रियांची समूहछायाचित्रे दुसऱ्या दिवशी पानभर येऊ लागली, आणि बघता बघता ती जणू पूर्वापार चालत आलेली रीत होऊन बसली. धर्मशास्त्रात याला आधार असल्याचे मला तरी आढळलेले नाही. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हते आणि रीलही नव्हती. होता तो छापील कागद आणि डब्यातल्या बायकांची नजर.

ज्या दिवशी राखाडी रंग असतो तो दिवस मी कधी विसरत नाही. हिरवी, पिवळी, लाल साडी प्रत्येकीच्या कपाटात असते. राखाडी साडी हौसेने कोण घेते? एका वर्षी माझ्याकडे ती नव्हती, म्हणून मी निळ्या रंगाचा नेहमीचा कुडता घालून निघाले. डब्यात कोणीही मला एक शब्दाने विचारले नाही. तरी मुलुंड येईपर्यंत मीच शेजारणीला म्हणाले, “अहो, माझी राखाडी साडी ड्रायक्लीनला दिली आहे.” अशी साडी माझ्याकडे कधी नव्हतीच. न विचारलेल्या प्रश्नाचे खोटे उत्तर मी का दिले, याचा मी नंतर दादरपर्यंत विचार करत होते. पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी मी राखाडी साडी विकत घेतली. ती एरवी कधीच नेसत नाही.

सोलापूरकरीणताई म्हणतात की त्यांना कोणी आग्रह केला नव्हता. माझ्या मते लाट पुरेशी मोठी झाली की आग्रहाची गरजच उरत नाही. एरवी जी गोष्ट करण्यासाठी कारण द्यावे लागते, तीच गोष्ट न करण्यासाठी कारण द्यावे लागू लागते. पारडे एकदा असे फिरले की सामील होणे हाच कमी कटकटीचा मार्ग ठरतो. अर्थात मी केवळ दबावाबद्दल लिहिले, तर ते अर्धसत्य होईल. सगळा डबा एका रंगाचा झालेला असताना त्यात आपणही त्याच रंगाचे असण्यात जे सुख आहे ते खरे आहे. एरवी जिच्याशी चौथ्या सीटवरून भांडण होते, तीही त्या दिवशी सरकून जागा देते.

कृष्णाकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक मुद्दा निसटला आहे असे वाटते. सामील होण्यामागे भीती असते किंवा आपलेपणाची ओढ असते, एवढेच म्हटले तर ताईंनी स्वतःचेच छायाचित्र का निवडले, हे कळत नाही. मला यात उखाणा दिसतो.

पूर्वीच्या बाईने नवऱ्याचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, असा दंडक होता. तरी नाव घ्यावेसे तर वाटत असणारच. मग समाजाने त्याची सोय करून ठेवली. कोणीतरी “नाव घे, नाव घे” म्हणून पिच्छा पुरवायचा, तिने दोनदा ‘इश्श’ म्हणून नकार द्यायचा आणि मग ठरलेल्या चालीच्या, ठरलेल्या यमकाच्या दोन ओळींत हळूच नाव गुंफायचे. चांदीच्या ताटापासून रुपयाच्या वाटीपर्यंत सगळा मजकूर सार्वजनिक मालकीचा, त्यात नाव तेवढे आपले. चाल सगळ्यांचीच असल्यामुळे तिला कोणी आगाऊ म्हणू शकत नव्हते, आणि नाव स्वतःचे असल्यामुळे तो क्षण मात्र पूर्णपणे तिचा होता.

साडीच्या लाटेत हेच घडले. पन्नाशीतील स्त्रीने कारण नसताना “पाहा, मी किती सुंदर दिसते” म्हणून आपले छायाचित्र लावले असते तर मागून कुजबुज झाली असती. सगळ्याच लावत आहेत म्हटल्यावर ते मिरवणे राहत नाही, गंमत होते. लाट माणसाला निमित्त पुरवते. मनात असलेली, पण एकट्याने करायला संकोच वाटणारी गोष्ट करण्याची मुभा त्या निमित्ताने मिळते. मॅरिलिन ब्रूअर या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९९१ साली मांडले की माणसाला इतरांसारखे असण्याची आणि इतरांपेक्षा वेगळे असण्याची अशा दोन्ही गरजा एकाच वेळी असतात आणि तो दोहोंचा तोल जिथे साधेल अशी जागा शोधत असतो. साडी सर्वांची एक, चेहरा आपला, याहून सोपी जागा कोणती सापडणार? नाक थोडे चुकले तरी चालते, ते याच कारणाने. किंबहुना ते चुकलेले असल्यामुळे “हे काही मी नाही हो, ते यंत्राने केले आहे” असे म्हणायची पळवाटही मोकळी राहते.

“नाव घे” या आग्रहाचेही आधुनिक रूप पाहायला मिळाले आहे. २०१४ सालच्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीच्या लाटेत प्रत्येक जण डोक्यावर पाणी ओतून घेऊन पुढच्या तिघांची नावे उघडपणे जाहीर करी आणि त्यांना चोवीस तासांची मुदत देई. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील संस्थेकडे त्यातून सुमारे ११ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले. ‘एएलएससाठी देणगी द्या’ असे मोघम आवाहन केले असते तर एवढी रक्कम जमली असती असे मला वाटत नाही. चारचौघांत नाव घेऊन बोलावले की माणसाला मागे सरता येत नाही, हे आपल्याकडे कोणत्याही लग्नघरातील करवलीला ठाऊक असते.

बाणेरवासी

मी पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आपण सर्वांनी मनाबद्दल लिहिले, पण जे समोर दिसते ते कोण दाखवते, याकडे दुर्लक्ष झाले. ॲशच्या खोलीत किती माणसे आहेत हे सहभागी व्यक्तीला डोळ्यांनी दिसत होते. फोनवर मात्र ज्यांनी केले तेवढेच दिसतात. ज्यांनी केले नाही त्यांची कुठे नोंद होत नाही, कारण न केलेल्या गोष्टीचे स्टेटस कोणी ठेवत नाही. त्यात एखाद्या प्रकारच्या चित्रफितीवर आपण दोन सेकंद जास्त थांबलो की त्याच प्रकारच्या आणखी दहा समोर येतात, आणि आपल्याला वाटते की सगळे जग हेच करत आहे.

शिवाय एखादी लाट मोठी झाली म्हणजे तिच्यात काही विशेष होते, असे आपण मागाहून म्हणतो. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांना अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली होती. काहींना केवळ गाणी दिसत. काहींना मात्र आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटातील इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले याचा आकडाही दाखवला जाई. आकडे दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, पण प्रत्येक गटात ती वेगवेगळी निघाली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत, परंतु मधल्या सगळ्यांचे नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय निवडले यावर ठरले. साडीऐवजी फेट्याची लाट आली असती तर आज आपण फेट्याचे मानसशास्त्र लिहीत बसलो असतो.

स्पष्टवक्ता

उखाणा वगैरे ठीक आहे, पण लाटेत सामील होणाऱ्यांचे फार कौतुक होऊ नये. २०१८ साली चालत्या वाहनातून उतरून नाचण्याची किकी चॅलेंज नावाची लाट आली, तेव्हा विरारच्या तिघा तरुणांनी हा प्रकार लोकल गाडीसोबत करून चित्रफीत टाकली, आणि वसईच्या रेल्वे न्यायालयाने त्यांना तीन दिवस वसई स्थानक झाडायला लावले. निमित्त मिळाले की मनात असलेलेच बाहेर येते असे म्हणायचे, तर त्या तिघांच्या मनात काय होते?

निवृत्त मास्तर

स्पष्टवक्ते यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, त्यांच्या मनात बहुधा आपल्या मित्रांचे चेहरे होते, गाडी नव्हती. मोठ्यांना जी कृती जिवावर बेतणारी दिसते, ती त्या वयात मित्रांपुढे पत राखण्याची किंमत म्हणून मोजली जाते. बरोबरीची मुले पाहत आहेत एवढ्याने तरुण वयातील धोका पत्करण्याची तयारी वाढते, असे प्रयोगांतही दिसून आले आहे. त्यामुळे निमित्ताचा मुद्दा खोटा ठरत नाही. धीट म्हणवून घेण्याची इच्छाही मनातच असते.

बाणेरवासी यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु सगळा भार यंत्रावर टाकू नये, ही विनंती. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीतून निघाली आणि त्याच दिवशी देशभर, एवढेच काय परदेशातील मंदिरांतही, चमचे आणि वाट्या घेतलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हता. बातमी लँडलाइनवरून आणि दूरचित्रवाणीवरून पसरली. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून पातळ थराने ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून त्याच वेळी दाखवून दिले होते. आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे एक सहकारी हे स्पष्टीकरण मला फळ्यावर आकृती काढून देत होते, आणि ते देऊन झाल्यावर म्हणाले, “चला, घरी जातो, मंडळी वाटीत दूध घेऊन थांबली आहेत.” त्यांचा विश्वास नव्हता. रांगेत ते पत्नीसोबत उभे राहिले, कारण उभे न राहण्याचे कारण तिला सांगणे अधिक अवघड होते. लोकलमधल्या ताईंनी राखाडी साडीबद्दल लिहिले ते वाचून मला त्यांचीच आठवण झाली.

आपण सोडून सगळ्यांना हे मनापासून पटले आहे असे प्रत्येकाने समजायचे आणि म्हणून गप्प बसून तेच करायचे, या अवस्थेचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. प्रेंटिस आणि मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९३ साली दाखवले की मद्यपानाबाबत बहुतेकांच्या मनात थोडीफार अढी होती, परंतु इतरांना मात्र त्याचे काहीच वाटत नाही अशी त्याच बहुतेकांची समजूत होती. त्या दिवशी मंदिरापुढच्या रांगेत माझ्या सहकाऱ्यासारखे किती जण उभे असतील, हे त्या रांगेतल्या कोणालाही कळले नसेल.

सोलापूरकरीण

सर्वांचे मनापासून आभार. उखाण्याचा मुद्दा मला थोडा झोंबला, याचा अर्थ तो बरोबर असावा. त्या रात्री मला छान दिसायचे होते, एवढे आता कबूल करते. माझे स्वतःचे असे शेवटचे छायाचित्र, ज्यात मी कोणाची तरी आई, काकू किंवा मॅडम म्हणून उभी नाही, ते केव्हाचे आहे हे शोधायला गेले तर सापडले नाही.

बाणेरवासी यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी शाळेच्या ग्रुपवर जाऊन मागचे सगळे संदेश पाहिले. आम्ही तिथे ३८ जणी आहोत. सगळ्यांनीच फोटो टाकले असे मी इतके दिवस धरून चालले होते. मोजल्यावर ११ भरल्या, त्यातही मी एक. उरलेल्या सत्तावीस जणींपैकी एक माझी जवळची मैत्रीण आहे, बार्शीला असते, आणि तिला असले थेर मुळीच आवडत नसणार याची मला खात्री होती. काल तिला फोन करून सहज विचारले. ती म्हणाली, “अगं, माझा तर तुझ्या आधी दोन दिवस करून ठेवला होता, मोतिया रंगाच्या साडीतला. टाकायचा धीर होईना. मग तू टाकलास, आणि त्यानंतर मी टाकला असता तर तुझे बघून केला असे वाटले असते.”